टोयोटा ८६साठी हेडर निवडताना: साडेतीन ते साडेचार हजारांचा प्रश्न

टोयोटा ८६ किंवा सुबारू बीआरझेड चालवणाऱ्या कुणालाही गाडीबद्दल विचारून बघा. स्टिअरिंगचं कौतुक होईल, खाली बसवलेल्या सीटचं होईल, मागच्या चाकांच्या नखऱ्यांचं तर होईलच. आणि मग आवाज जरा खाली येऊन एक वाक्य येईल: ‘पण मधे थोडी मरते.’

तक्रार खरी आहे. २०१२ साली आलेल्या या गाडीत १,९९८ सीसीचं, चार सिलिंडरचं बॉक्सर इंजिन आहे. टर्बो नाही, कॉम्प्रेशन १२.५:१, आणि ७,००० आरपीएमला २०० हॉर्सपॉवर, म्हणजे लिटरमागे शंभर. टर्बोशिवाय एवढी ताकद काढणं सोपं नाही. पण टॉर्कचा आलेख काढला की दिसतं, तीन हजारांच्या आसपास तो छान चढतो, साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान खड्ड्यात उतरतो आणि मग पुन्हा वर येतो. या गाडीच्या हेडरचा सगळा बाजार त्या एका खड्ड्यावर उभा राहिला आहे.

भारतात टोयोटाने ही गाडी अधिकृतपणे विकली नाही. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, आखातात राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र ती आता सेकंडहँड बाजारात परवडणाऱ्या किमतीत मिळते, आणि गाडी दारात आली की महिन्याभरात हेडरचा शोध सुरू होतो. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. महाराष्ट्रातल्या हौशी मंडळींसाठी पुढे थोडं वेगळं लिहिलं आहे, कारण त्यांचा प्रश्नच निराळा आहे.

आधी कॅटचं काय ते ठरवा

हेडर म्हणजे इंजिनातून जळका वायू बाहेर आणणाऱ्या नळ्यांचा पहिला संच. प्रत्येक सिलिंडरची एक नळी निघते आणि पुढे त्या एकत्र येतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा संच वेगळा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच्यापुढे वेगळा असे. ८६मध्ये तसं नाही. इंजिन सुरू झाल्यावर कॅट लवकर तापावा म्हणून कंपनीने मुख्य कॅट हेडरमध्येच बसवला आहे. त्यामुळे या गाडीचा हेडर बदलणं म्हणजे कॅट बदलणं. निम्मे ग्राहक पैसे भरून झाल्यावर या वाक्यापाशी येतात.

अमेरिकेत संघीय कायद्यानुसार चालू स्थितीतला कॅट काढून टाकता येत नाही. काढून त्याजागी बाजारातला दुसरा कॅट बसवायलाही मर्यादा आहेत: मूळ कॅट वॉरंटीत असेल, म्हणजे गाडी आठ वर्षांच्या आणि ८०,००० मैलांच्या आतली असेल, आणि कॅट नीट काम करत असेल तर त्याला हात लावायचा नाही. कॅलिफोर्नियात याहून कडक. तिथे भागाला राज्याच्या हवा मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक लागतो, आणि तो नेमका तुमच्या मॉडेलला आणि वर्षाला लागू असावा लागतो. नवी गाडी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांच्या स्मॉग तपासणीतून सुटते, पण पहिले ८६ त्या सवलतीतून कधीच बाहेर पडलेत. शिवाय २०२१च्या जुलैपासून तिथल्या तपासणीत इंजिनाच्या संगणकाचं, म्हणजे ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदललंय का तेही बघतात. ब्रिटनमध्ये मूळचा कॅट गायब दिसला की एमओटी या तिथल्या वाहन तपासणीत गाडी नापास.

विक्रेते हे सगळं एका ओळीत उरकतात: ‘फक्त ट्रॅकसाठी.’ ती ओळ त्यांना वाचवण्यासाठी असते, तुम्हाला नाही. बिनकॅटच्या हेडरने ताकद सगळ्यात जास्त वाढते यात वाद नाही. पण सिग्नलला काच खाली केली की केबिनमध्ये येणारा कच्च्या पेट्रोलचा वास, डॅशबोर्डवर कायमचा पेटलेला पिवळा दिवा आणि तपासणीच्या आठवड्यातली धावपळ हेही त्याच बिलात येतं. रोजच्या वापराच्या गाडीत बिनकॅटचा हेडर घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रेलरवर लादून ट्रॅकवर नेणारे वाचक हा परिच्छेद सोडून देऊ शकतात.

कॅटसह येणाऱ्या हेडरांतही फरक असतो. ‘हाय फ्लो’ या शब्दाला काही ठरलेला अर्थ नाही. विचारायचं ते हे: जाळीची घनता किती? दर चौरस इंचाला २०० छिद्रांचा धातूचा कॅट वायूला कमी अडवतो, पण दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरला अनेकदा फसवू शकत नाही आणि कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा पी०४२० हा कोड येतो. ४०० छिद्रांचा कॅट थोडा जास्त अडवतो, दिवा पेटायची शक्यता कमी. विक्रेत्याला हा आकडा सांगता आला नाही तर तिथे थांबू नका.

समान लांबी की असमान

८६च्या हेडरांचे दोन पंथ आहेत आणि दोन्हीकडचे लोक कट्टर आहेत. एका पंथात चारही नळ्यांची लांबी जवळपास सारखी, दुसऱ्यात मुद्दाम असमान. बोर्लाने दोन्ही प्रकार बनवले. जपानच्या टोमेईचं नाव असमान लांबीच्या हेडरसाठी घेतलं जातं. एचकेएसने कॅटसह मॅनिफोल्ड काढला. कुठलं नाव चांगलं यापेक्षा आत काय घडतं ते समजून घेतलं तर निवड सोपी होते.

बॉक्सर इंजिनात एक आणि तीन नंबरची सिलिंडरं एका बाजूला, दोन आणि चार दुसऱ्या बाजूला. पेटण्याचा क्रम १-३-२-४. म्हणजे एका बाजूची दोन सिलिंडरं लागोपाठ पेटतात, मग दुसऱ्या बाजूची दोन. असमान हेडरमध्ये सोयीसाठी एकाच बाजूच्या नळ्या आधी एकत्र जोडलेल्या असतात. त्यामुळे वायूचे धक्के सारख्या अंतराने न येता दोन जवळजवळ, मग खंड, मग पुन्हा दोन असे येतात. जुन्या सुबारूंची ती प्रसिद्ध धडधड यातूनच येते.

आवाज छान, पण त्याची किंमत आहे. एक नंबरच्या सिलिंडरमध्ये जळका वायू जवळपास निघून गेलेला असतो, एक्झॉस्टची झडप मिटत आलेली आणि इनटेकची नुकतीच उघडलेली असते. त्या नाजूक क्षणी नळीत दाब कमी असेल तर ताजी हवा आत ओढली जाते. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या तीन नंबरची झडप उघडून मोठा धक्का त्याच जोडनळीत येतो. ओढ लागायच्या ऐवजी उलट दाब येतो. समान लांबीच्या ४-२-१ हेडरमध्ये म्हणून जोड्या इंजिनाच्या आरपार लावतात, एक-दोन आणि तीन-चार. त्यांच्या पेटण्यात क्रँकच्या पूर्ण एका फेऱ्याचं अंतर असतं आणि हा गोंधळ टळतो.

याचा अर्थ असमान हेडर वाईट असा नाही. विचार करून बनवलेल्या असमान हेडरांचे आलेखही तो मधला खड्डा बराच भरून काढतात. वरच्या टोकाला, साडेसहा हजारांच्या पुढे, ते बहुधा समान लांबीवाल्यांच्या मागे पडतात. आवाजासाठी असमान घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. फक्त आवाजासाठी घेतला असं स्वतःशी कबूल करा, म्हणजे मग आकड्यांवरून भांडत बसावं लागत नाही.

नळी किती लांब असावी यावर एक गणित सांगतो. तापलेल्या वायूत दाबाची लाट सेकंदाला पाचशे ते सहाशे मीटर धावते. नळीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला तिला समजा तीन मिलिसेकंद लागले. ४,००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ७२ अंश फिरतो, ७,०००ला १२६ अंश. लाटेला लागणारा वेळ तोच राहतो, इंजिन मात्र निराळ्या जागी पोचलेलं असतं. एकच नळी दोन्ही ठिकाणी अचूक वेळ साधू शकत नाही. ‘सगळ्या रेंजमध्ये वाढ’ असं जाहिरातीत वाचलंत तर हे गणित आठवा. लांब नळ्या साधारणपणे खालच्या-मधल्या टप्प्याला मदत करतात, आखूड आणि थेट चारच्या एक होणाऱ्या नळ्या वरच्या टोकाला.

डायनोचा कागद कसा वाचावा

डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र. त्याच्या कागदावर हेडरांची तुलना करताना लोक शिखराचा आकडा बघतात: याने बारा हॉर्सपॉवर दिले, त्याने नऊ. ८६च्या बाबतीत हा आकडा सगळ्यात कमी उपयोगाचा आहे.

कागद हातात आला की आधी खालची रेघ बघा. ती कशाची आहे? बऱ्याच कागदांवर खालची रेघ कंपनीच्या अवस्थेतल्या गाडीची असते आणि वरची रेघ हेडर, ईसीयूचा नवा ट्यून आणि ई८५ हे इथेनॉलचं इंधन या तिघांची मिळून. इथेनॉलमुळे टायमिंग पुढे नेता येतं आणि टॉर्क त्यानेच बराच वाढतो. मग हेडरच्या वाट्याला काय आलं? खरी तुलना म्हणजे त्याच गाडीवर, त्याच डायनोवर, शक्यतो त्याच दिवशी, त्याच इंधनावर आणि दोन्ही हेडरांसाठी स्वतंत्रपणे ट्यून करून काढलेल्या रेघा. असे कागद थोडे असतात, पण मिळतात.

मग कोपऱ्यातली बारीक अक्षरं. हवामानाचा हिशेब घालून आकडा दुरुस्त करतात, त्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत, एसएई आणि एसटीडी. एसटीडीचा आकडा एसएईपेक्षा सुमारे चार टक्के फुगलेला येतो. चाकांवर १७० हॉर्सपॉवर दाखवणारी ८६ घ्या. नुसती पद्धत बदलली की सात हॉर्सपॉवर ‘वाढले’, आणि एकही नट ढिला करावा लागला नाही! स्मूदिंगचा आकडाही तिथेच लिहिलेला असतो. तो जास्त असेल तर दातेरी रेघ गुळगुळीत होते आणि खड्डा आहे त्यापेक्षा उथळ दिसतो. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का तेही बघा. १२०पासून सुरू केला की पाचाची वाढ पन्नासाची वाटते. आणि एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन रनमध्ये दोन-तीन हॉर्सपॉवरचा फरक सहज पडतो, त्यामुळे तेवढ्या फरकावरून दोन हेडरांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही.

आता खरा प्रश्न: तुम्ही आलेखाच्या कुठल्या भागात गाडी चालवता? पहिल्या पिढीच्या मॅन्युअल ८६चे गिअर रेशो बघू. दुसरा २.१८८, तिसरा १.५४१, चौथा १.२१३. रेडलाइन ७,४००. ट्रॅकवर तुम्ही रेडलाइनला दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलात तर काटा साधारण ५,२००वर पडतो. तिसऱ्यावरून चौथ्यावर गेलात तर ५,८००च्या वर. म्हणजे गाडी ताणून चालवणारा माणूस त्या बदनाम खड्ड्यात फारसा जातच नाही. त्याला साडेपाच हजारांपुढचा आलेख महत्त्वाचा, आणि त्याच्यासाठी शिखराच्या आसपासचे चार जादा हॉर्सपॉवर खरोखरच मोलाचे.

रस्त्यावर उलट. तिसऱ्या गिअरवर ४,००० आरपीएम म्हणजे ताशी साधारण ७५ किलोमीटर. डोंगरातल्या रस्त्यावर वळण संपून पाय दाबता ती जागा हीच. तिथे टॉर्क २० न्यूटन-मीटरने वाढला तर ती ११ हॉर्सपॉवरची वाढ होते, आणि ती दर वळणाला भेटते. सात हजारांवरचे तेवढेच ११ हॉर्सपॉवर दिवसातून एखाद्या वेळी भेटतील, तेही रस्ता मोकळा असेल तर. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी कागदावर पेन्सिलीने ३,००० आणि ५,०००ला दोन उभ्या रेघा मारा आणि फक्त त्यामधला भाग ताडून बघा. माझ्या मते नव्वद टक्के निर्णय तिथे होतो.

ट्यूनबद्दल जास्त लिहीत नाही. या इंजिनात नुसता हेडर बसवून सोडून दिला तर निम्मा फायदा हाती लागत नाही, कारण कॅम टायमिंग आणि इग्निशन जुन्या नळ्यांच्या हिशेबाने बसवलेलं असतं. इकुटेकसारख्या साधनाने ट्यून करून देणारा माणूस आधी शोधा, त्याचा खर्च हेडरच्या किमतीत धरा आणि त्यालाच विचारा की कुठल्या हेडरसाठी त्याच्याकडे तयार अनुभव आहे. त्याचं उत्तर दहा जाहिरातींपेक्षा उपयोगी ठरतं. आणि ट्यून उत्सर्जनाच्या नियमात बसतो का हेही तिथेच विचारून घ्या.

धातू आणि वेल्डिंग

हेडर हातात घेऊन बघायला मिळाला तर सोडू नका. बाहेरून इंद्रधनुष्यी रंगाचं वेल्डिंग सगळेच करतात. बॅटरी घेऊन आत बघा. टिग वेल्डिंग करताना नळीच्या आत आर्गॉन वायू सोडला नसेल तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळपट, खरखरीत, जळल्यासारखा थर दिसतो. तिथूनच पुढे तडा जातो, आणि सुटलेले कण थेट कॅटच्या जाळीवर आदळतात. चारही नळ्या एकत्र येतात त्या जोडात बोट घाला. मधला भाग निमुळत्या टोकाने भरलेला असावा, तिथे सपाट खळगा लागला तर काम उरकलेलं आहे.

मग फ्लँज. ती जाड हवी, नऊ-दहा मिलिमीटर तरी. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ फ्लँज वाकते. सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज सरकवून बघा, पट्टीखालून उजेड येत असेल तर गॅस्केट काही दिवसच टिकेल. फ्लँजचं भोक सिलिंडर हेडच्या पोर्टपेक्षा लहान नसावं. थोडं मोठं चालतं, लहान असेल तर वायू पायरीवर आपटतो.

३०४ दर्जाचं स्टेनलेस चांगलं, पण ते तापलं की फार पसरतं. मीटरभर नळी सहाशे अंशांनी तापली की जवळपास एक सेंटिमीटर लांबते. ८६मध्ये हेडर इंजिनाच्या खालून, ऑइल पॅनला वळसा घालून एका बाजूकडून दुसरीकडे जातो, म्हणून हे पसरणं आणखी जाचक होतं. सरकणारे जोड किंवा लवचीक तुकडा नसेल तर सगळा ताण वेल्डिंगवर येतो. स्वस्तातले हेडर पहिल्या वर्षी ठीक चालतात आणि दुसऱ्या हिवाळ्यात टिकटिकायला लागतात, ते यामुळेच. उष्णता अडवायला कापडी पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे, पण या गाडीत खालून पाणी आणि थंड देशात रस्त्यावरचं मीठ थेट त्या पट्टीत मुरतं. आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग केलेला हेडर घ्या, पट्टी नको. आणि सगळ्यात खालच्या नळीची पातळी बघा. गाडी आधीच खाली बसवली असेल तर पहिला गतिरोधक तीच नळी मोजेल.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

इथे आधी एक गैरसमज दूर करतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अलीकडच्या टीएसआय इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. बदलायला हेडर नावाची वस्तूच नाही. दुकानदार ‘हेडर’ म्हणून जे दाखवतो तो टर्बोच्या पुढचा डाउनपाईप असतो, आणि तो बदलला की कॅटही बदलतो किंवा जातो. हेडरचा खरा उपयोग टर्बो नसलेल्या इंजिनांना, म्हणजे आपल्याकडे जुन्या व्हीटेक होंडा सिटीसारख्या गाड्यांना. त्यांच्यासाठी ४-२-१ हेडर हाताने बनवून देणारे कारागीर सापडतात, आणि वेल्डिंगबद्दल वर लिहिलेलं सगळं तिथे जसंच्या तसं लागू.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)प्रमाणे आवाजाची किंवा धुराची मानकं मोडणाऱ्या चालकाला २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. ते बहुतेक बुलेटचे असतात हे खरं, पण रस्त्यात हात दाखवणारा हवालदार गाडीला चाकं किती ते मोजून थांबवत नाही. हेडर बदला, मागचा मफलर कंपनीचाच ठेवा. आवाज फार वाढत नाही आणि हेडरचा फायदाही बराचसा टिकतो.

बसवताना

इंजिन पूर्ण गार असताना काम करा, आणि आदल्या रात्री नटांवर गंजनाशक तेल मारून ठेवा. जुन्या गाडीत हेडरचा स्टड तुटला तर एका दुपारचं काम आठवड्यावर जातं. गॅस्केट नवी आणि शक्यतो कंपनीची वापरा, हेडरबरोबर फुकट आलेली पातळ गॅस्केट खोक्यातच राहू द्या. ऑक्सिजन सेन्सर फिरवताना वायर पिळली जाणार नाही हे बघा. आट्यांना लावायचं वंगण सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नका.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं की थोडा धूर आणि वास येईल, तो हातांच्या तेलकटपणाचा आणि कोटिंगचा असतो. तो काही मिनिटांत थांबतो. थांबला नाही किंवा गार इंजिनावर टिकटिक ऐकू आली तर जोडातून गळती आहे. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं वाटतं आणि ईसीयू उगाचच जास्त पेट्रोल ओततो. अशा अवस्थेत केलेला ट्यून वाया जातो, म्हणून ट्यूनच्या आधी गळती तपासून घ्या. शे-दोनशे किलोमीटर चालवून, पुन्हा गार करून, सगळे नट एकदा ठरलेल्या टॉर्कला आवळा.

आणि काढलेला मूळ हेडर भंगारात देऊ नका. त्यातल्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून भंगारवाला हसत हसत पैसे देतो. पण तपासणीच्या वेळी, गाडी विकताना किंवा नवा हेडर तडकला तर तोच परत बसवावा लागतो, आणि नवीन घ्यायला गेलात तर त्याची किंमत बाजारातल्या बहुतेक हेडरांपेक्षा जास्त असते. गॅस्केटच्या तोंडांना टेप लावा, नट एका पिशवीत घालून त्यालाच बांधा आणि कोरड्या जागी ठेवून द्या.